श्रावणी

श्रावणी : वेदाध्ययनाच्या वार्षिक सत्राचा आरंभ करण्यासाठी मुख्यत्वे श्रावण महिन्यात करावयाचा एक वैदिक विधी. धर्मशास्त्रात त्यास ‘उपाकर्म’ किंवा ‘उपाकरण’ अशी संज्ञा आहे. हा विधी श्रावणातील पौर्णिमेस किंवा श्रवण नक्षत्रावर होत असल्याने त्यास श्रावणी हे नाव मिळाले. या दिवशी जुने यज्ञोपवीत (जानवे) टाकून नवे धारण करतात. त्यामुळे ‘जानवे बदलण्याचा सण’ अशीच त्याची आज सर्वसाधारण ओळख आहे. मूळ विधीत मात्र अध्ययनाला प्रमुख स्थान असून जानवे हे त्याचे केवळ चिन्ह आहे. अध्ययन मागे पडून चिन्ह उरले आणि ते धारण करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाचा ठरला.

‘श्रावणी’ हा शब्द प्राचीन ग्रंथांत आणखी एका अर्थाने येतो. गौतम धर्मसूत्रात सात पाकयज्ञ सांगितले आहेत. त्यांतील श्रावणी म्हणजे श्रावण पौर्णिमेस सर्पांना बली देण्याचा विधी होय. गृह्यसूत्रांत त्यास ‘श्रवणाकर्म’ असेही म्हटले आहे. पावसाळ्यात बिळांबाहेर येणाऱ्या सर्पांपासून कुटुंबाचे रक्षण व्हावे, हा त्याचा हेतू होता. उपाकर्म हा त्याहून वेगळा विधी आहे.

काल : उपाकर्माचा काल ठरविताना सूत्रकारांनी ऋतूचा विचार केलेला दिसतो. वनस्पती उगवू लागल्यावर श्रावणात श्रवण नक्षत्रावर किंवा पंचमीस हस्त नक्षत्र असता उपाकर्म करावे, असे आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही औषधी उगवल्याची अट आहे. पावसाळ्यात प्रवास थांबतो, गुरू व शिष्य एका ठिकाणी राहतात आणि अध्ययनास सलग वेळ मिळतो. हीच ऋतुकालाच्या निवडीमागची व्यावहारिक बाजू असावी. मनुस्मृतीनुसार श्रावणाच्या किंवा भाद्रपदाच्या पौर्णिमेस उपाकर्म करून साडेचार महिने वेदाध्ययन करावे आणि पौषात किंवा माघ शुद्ध प्रतिपदेस गावाबाहेर जाऊन ‘उत्सर्जन’ म्हणजे सत्राचे विसर्जन करावे. त्यानंतर शुक्ल पक्षात वेदांचे व कृष्ण पक्षात वेदांगांचे अध्ययन करावे, असा क्रम आहे. म्हणजेच उपाकर्म आणि उत्सर्जन हे शैक्षणिक वर्षाचे दोन टोकांचे विधी होते.

पुढे ही दोन्ही कर्मे एकाच दिवशी, आधी उत्सर्जन व लगेच उपाकर्म अशा क्रमाने, करण्याचा प्रघात पडला. पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय यांनी १७९० मध्ये रचलेल्या धर्मसिंधु या निबंधग्रंथात उपाकर्माच्या कालनिर्णयाची सविस्तर चर्चा आढळते. महाराष्ट्रातील पुरोहितवर्ग आजही अशा प्रश्नांत बहुधा याच ग्रंथाचा आधार घेतो. सामान्यतः ऋग्वेदी श्रावण शुक्ल पक्षातील श्रवण नक्षत्रावर, यजुर्वेदी श्रावण पौर्णिमेस आणि सामवेदी भाद्रपदात हस्त नक्षत्रावर उपाकर्म करतात. त्या दिवशी ग्रहण किंवा संक्रांत आल्यास दुसरा दिवस धरावा लागतो. म्हणून एकाच गावात ऋग्वेदी व यजुर्वेदी कुटुंबांची श्रावणी वेगवेगळ्या दिवशी येण्याचा प्रसंग पंचांगात वारंवार आढळतो.

विधी : श्रावणी सहसा एकट्याने करीत नाहीत. नदीकाठी, देवळात किंवा एखाद्याच्या वाड्यात मंडळी एकत्र जमतात व पुरोहित सर्वांकडून एकाच वेळी विधी करून घेतो. स्नानानंतर संकल्प होतो. या संकल्पात विधीचे मर्म आले आहे. शिकलेले वेदमंत्र कालांतराने ‘यातयाम’ म्हणजे शिळे, निःसत्त्व होतात. त्यांचा शिळेपणा दूर होऊन त्यांना पुन्हा पुष्टी मिळावी, हा त्याचा आशय होय. वर्षभरात झालेल्या उच्चारदोषांचे व अध्ययनातील प्रमादांचे क्षालनही त्यात अभिप्रेत आहे. आत्मशुद्धीसाठी पंचगव्याचे प्राशन करतात.

त्यानंतर गणपतिपूजन व सप्तर्षिपूजन होते. पाटावर सुपाऱ्या मांडून त्यांवर कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ हे सात ऋषी आणि अरुंधती यांचे आवाहन करतात. अग्नीची स्थापना करून आधी उत्सर्जनाच्या व मागाहून उपाकर्माच्या आहुती देतात. आश्वलायनांच्या उपाकर्मात ज्यांना आहुती दिल्या जातात त्या देवता लक्षणीय आहेत : सावित्री, ब्रह्मा, श्रद्धा, मेधा, प्रज्ञा, धारणा, सदसस्पती, अनुमती, छंद आणि ऋषी. यांत श्रद्धा, बुद्धी व स्मरणशक्ती ही विद्यार्थ्याला लागणारी सामर्थ्येच देवतारूपाने आली आहेत. धन, संतती किंवा विजय यांची मागणी येथे प्रधान नाही. दह्यात कालवलेल्या सातूच्या पिठाचे हवन झाल्यावर तेच पीठ जमलेली मंडळी न चावता गिळतात. ऋग्वेदाच्या दहाही मंडलांच्या पहिल्या व शेवटच्या ऋचा म्हणून संपूर्ण संहितेचे प्रतीकात्मक पठण केले जाते.

यानंतर यज्ञोपवीतांची पूजा करून ती ज्येष्ठांना देतात व प्रत्येक जण नवे जानवे धारण करतो. जुने जानवे पाण्यात सोडतात. शेवटी ऋषितर्पण होते. ऋग्वेदी लोक मंडलांच्या द्रष्ट्या ऋषींना, तर तैत्तिरीय शाखेचे लोक कांडऋषींना जलांजली देतात. आश्वलायन गृह्यसूत्रातील तर्पणाच्या यादीत गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी आणि सुलभा मैत्रेयी या तीन स्त्रियांची नावे आचार्यांच्या मालिकेत आहेत. पुढील काळात ज्या परंपरेने स्त्रियांचे वेदाध्ययन निषिद्ध मानले, तिच्याच नित्य तर्पणात ही नावे टिकून राहिली, ही गोष्ट विधीच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मुंज झाल्यानंतर बटूची पहिली श्रावणी ‘प्रथमोपाकर्म’ म्हणून विशेष मानतात. गुरू किंवा शुक्र यांचा अस्त असता अथवा अधिक मासात ती करीत नाहीत. या दिवशी तबकात तांदूळ पसरून त्यावर दिवा ठेवतात व तो दक्षिणेसह सभेतील ब्राह्मणास देतात. यास ‘सभादीप’ म्हणतात. नव्या विद्यार्थ्याचा विद्वानांच्या सभेत प्रवेश झाल्याचे ते द्योतक होय.

यज्ञोपवीत : ‘उपवीत’ हे मूळात वस्त्र पांघरण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे. तैत्तिरीय आरण्यकात यज्ञोपवीतासाठी मृगाजिनाचा किंवा वस्त्राचा उल्लेख येतो. तेव्हा सुताचे जानवे हे उत्तरीयाचे नंतर रूढ झालेले प्रातिनिधिक रूप असावे, असे अभ्यासक मानतात. डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली घेतले असता ते ‘उपवीत’ असून देवकार्यास विहित आहे. उजव्या खांद्यावरून घेतल्यास ‘प्राचीनावीत’ होते व ते पितृकार्यात घेतात. गळ्यात माळेप्रमाणे घातल्यास त्यास ‘निवीत’ म्हणतात. मनुस्मृतीने ब्राह्मणास कापसाचे, क्षत्रियास तागाचे व वैश्यास लोकरीचे उपवीत सांगितले आहे. व्यवहारात कापसाचेच सर्वत्र रूढ झाले.

जानवे करताना चार बोटांभोवती सुताचे शहाण्णव वेढे घेतात. ते सूत तिपेडी करून पुन्हा पिळतात व त्याचे तीन पदर करून ब्रह्मगाठ मारतात. असे एकंदर नऊ तंतू होतात आणि त्यांवर ओंकार, अग्नी, नाग, सोम इ. नऊ देवतांची स्थापना मानली आहे. ब्रह्मचाऱ्याने एक व गृहस्थाने दोन जानवी घालावीत, असा संकेत आहे. पूर्वी घरोघरी टकळीवर सूत कातून जानवी तयार करीत. पारशी समाजात नवजोत संस्काराच्या वेळी कमरेस बांधावयाची ‘कुस्ती’ ही बहात्तर लोकरी धाग्यांची असते. धर्मदीक्षेचे चिन्ह म्हणून सूत्र धारण करण्याची ही चाल भारतीय व इराणी या दोन्ही परंपरांत असणे उल्लेखनीय आहे.

विद्या व दक्षिणा : श्रावण आणि विद्या यांच्या संबंधाला मराठेशाहीत राजाश्रयाचे रूप मिळाले. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेल्यावर ती पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली. दूरदूरचे वैदिक व शास्त्री यासाठी पुण्यास येत. विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा द्यावी, असा मूळ हेतू होता. परंतु पुढे सरसकट वाटपाचे प्रमाण वाढले. इंग्रजी अंमल आल्यावर या निधीतील काही रक्कम पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे (स्थापना १८२१) वळविण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासह सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा, असा अर्ज केला. त्यास सनातनी मंडळींनी तीव्र विरोध केला. तथापि दक्षिणा निधीतून मराठी ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. उपाकर्माच्या महिन्यात वैदिकांना मिळणारे द्रव्य अशा रीतीने देशभाषेतील विद्येच्या उपयोगी पडले.

पोवती, राखी व इतर सूत्रविधी : श्रावण पौर्णिमेस सूत्र धारण करण्याचा प्रघात उपनीतांपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात या दिवसास ‘पोवती पौर्णिमा’ असेही नाव आहे. ‘पवित्रक’ या संस्कृत शब्दावरून ‘पोवते’ हा शब्द आला. कापसाच्या सुताच्या नऊ तारांची जुडी करून तिला आठ, बारा किंवा चोवीस गाठी मारतात. विष्णू, शिव, सूर्य इ. देवांना ही पोवती वाहून मग घरातील स्त्रीपुरुष ती धारण करतात. आगमग्रंथांतील ‘पवित्रारोपण’ या विधीचे हे घरगुती रूप होय. वर्षभराच्या पूजेत राहिलेली न्यूनता या सूत्रार्पणाने भरून निघते, अशी कल्पना आहे. महानुभाव पंथातही पवित्यांचे पर्व पाळले जाते. पोवत्यास मुंजीची, मंत्राची वा जातीची अट नसल्याने जानव्यापासून वंचित राहिलेल्या घरांतही श्रावणातले सूत्र पोहोचले.

रक्षाबंधनाचा उल्लेखही निबंधग्रंथांत याच दिवशी येतो. अपराह्णकाळी, भद्रा टाळून पुरोहिताने राजाच्या किंवा यजमानाच्या हातात रक्षासूत्र बांधावे, असे त्याचे मूळ स्वरूप आहे. भावाबहिणीच्या नात्यासाठी महाराष्ट्रात भाऊबीज पूर्वापार होतीच. बहिणीने राखी बांधण्याची चाल येथे विसाव्या शतकात सार्वत्रिक झाली. दिगंबर जैन परंपरेत विष्णुकुमार मुनींनी सातशे मुनींचे रक्षण केल्याच्या कथेशी रक्षाबंधन जोडलेले आहे. समुद्रकिनारी कोळी समाज हा दिवस नारळी पौर्णिमा म्हणून पाळतो. तेलुगू भाषेत या पौर्णिमेस ‘जंध्याल पूर्णिमा’ म्हणजे जानव्यांची पौर्णिमा, तमिळनाडूत ‘आवणी अविट्टम’ आणि नेपाळात ‘जनै पूर्णिमा’ म्हणतात. नेपाळात जानवे बदलण्याबरोबरच सर्व लोकांच्या मनगटावर रक्षासूत्र बांधले जाते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या जामखेड तालुक्याच्या परिसरात या निरनिराळ्या परंपरांच्या कक्षा एकमेकींस भिडतात. हा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेलगत असून त्याच्या सीमा बीड, धाराशिव व सोलापूर या जिल्ह्यांना लागतात. समुद्रापासून दूर असलेल्या या अवर्षणप्रवण मुलखात नारळाला समुद्रपूजेचा संदर्भ नाही. उगवत्या पिकांचा, सूत्रकारांनी सांगितलेला संदर्भ मात्र येथे सहज पटतो. देशावरील या भागातील ब्राह्मणांत आश्वलायन शाखेचे ऋग्वेदी व माध्यंदिन शाखेचे शुक्ल यजुर्वेदी असे दोन्ही वर्ग आढळतात. दक्षिणेस सोलापूर आणि वायव्येस अहिल्यानगर शहर येथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानणारा हा समाज श्रावण पौर्णिमेस जानवे बदलतो. त्या दिवशी सोलापुरात मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव होतो. ज्यांचा व्यवसायच सुताचा, त्यांनी सूत्राचा हा सण समाजाचा मुख्य उत्सव म्हणून जपला आहे.

जामखेड तालुक्यातीलच चोंडी येथे १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकर यांचा जन्म झाला. त्यांच्या नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर झाले. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा बांधले व महेश्वर येथे अनेक शास्त्री-पंडितांना आश्रय दिला. स्त्री म्हणून तत्कालीन धर्मशास्त्राप्रमाणे त्यांना स्वतःस उपाकर्माचा अधिकार नव्हता. वैदिक विद्येचा योगक्षेम तिच्या अध्ययनाचा अधिकार नसलेल्यांच्या दानावरही चालत आला, याचे हे ठळक उदाहरण होय.

अधिकाराचा प्रश्न : शास्त्रानुसार उपनयन झालेल्या त्रैवर्णिक पुरुषासच उपाकर्माचा अधिकार आहे. कलियुगात क्षत्रिय व वैश्य हे वर्ण उरलेच नाहीत, असे मत मध्ययुगात बळावल्याने महाराष्ट्रात हा अधिकार व्यवहारतः ब्राह्मणांपुरता आकुंचित झाला. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेकापूर्वी रायगडावर मौंजीबंधन करून घ्यावे लागले. तो संस्कार करणारे गागाभट्ट हे मूळच्या पैठणच्या, काशीस स्थायिक झालेल्या घराण्यातील होते. पेशवाईत प्रभू, सोनार इ. ज्ञातींच्या वेदोक्त कर्माविषयी वाद उद्भवले. अशा वादांस ‘ग्रामण्य’ म्हणत. जानवे घालणे, वेदमंत्रांनी संस्कार करणे यांवर बंदी घालण्यापर्यंत ही प्रकरणे गेली.

१८९९ मध्ये कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले आणि त्यातून प्रसिद्ध वेदोक्त प्रकरण निर्माण झाले. वेदोक्त कर्मे करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांची वतने १९०२ मध्ये जप्त झाली. पुढे १९२० मध्ये शाहू महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या पीठावर क्षात्रजगद्गुरूंची नेमणूक करून ब्राह्मणेतरांसाठी स्वतंत्र धर्मपीठ उभे केले. त्याआधी १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताची मध्यस्थीच नाकारली होती. अधिकार मागणे आणि अधिकाराची ती चौकटच नाकारणे, असे दोन मार्ग येथे स्पष्ट दिसतात.

१८७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजाने तिसरा मार्ग स्वीकारला. वेदाध्ययन व यज्ञोपवीत स्त्रियांसह सर्वांना खुले असल्याचे त्याने प्रतिपादिले आणि श्रावणीस वेदप्रचाराचे पर्व मानले. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात या समाजाचा चांगला प्रसार झाला. स्त्रियांच्या अधिकाराबाबत प्राचीन आधारही आहेत : हारीताने उपनयन, अग्न्याधान व वेदाध्ययन करणाऱ्या ‘ब्रह्मवादिनी’ स्त्रियांचा वर्ग सांगितला असून गोभिल गृह्यसूत्रात वधू यज्ञोपवीत धारण केलेली असल्याचा उल्लेख आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील साकोरी येथे उपासनी महाराजांनी (१८७०–१९४१) स्थापन केलेल्या कन्याकुमारी स्थानात व्रतस्थ स्त्रिया वेदमंत्रांचे पठण करतात व यज्ञयाग स्वतः चालवितात. त्यांच्या पश्चात गोदावरीमाता यांनी ही परंपरा पुढे नेली. पुण्यात विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देण्याचे उपक्रम सुरू झाले.

सद्यःस्थिती : वेदपाठशाळांत श्रावणीचा मूळ अर्थ अद्याप टिकून आहे, कारण तेथे अध्ययन प्रत्यक्ष चालते. इतरत्र मठ, मंदिरे व ज्ञातिसंस्था सामुदायिक श्रावणीचे आयोजन करतात. अनेक जण केवळ नवे जानवे घालून व गायत्रीमंत्राचा जप करून विधी संपवितात. जानवी आता बहुधा दुकानातून आणली जातात. शिकलेले विसरते, वापराविना शिळे होते व म्हणून दरवर्षी ते नव्याने हाती घ्यावे लागते, हा उपाकर्माच्या संकल्पातील विचार कोणत्याही एका वर्णापुरता वा ग्रंथापुरता मर्यादित नाही. मात्र ज्या समाजरचनेत हा विधी वाढला, तिने तो विचार बहुसंख्यांपासून दूर ठेवला. श्रावणीचा इतिहास या दोन्ही अंगांनी अभ्यासणे आवश्यक ठरते.